बिबड्याची मागची बाजू

डिझाइन शिकणारी पोरं-पोरी भेटली की एक प्रश्न हमखास येतो, ताई, जळगावात बसून तुम्हाला सुचतं कसं? त्यात "जळगावात बसून" यावर जोर जरा जास्तच असतो. म्हणजे पुण्या-मुंबईत गॅलऱ्या आहेत, प्रदर्शनं आहेत, चार डोकी एकत्र चहा पितात, तिथं सुचणारच, पण इथं काय, ऊन, केळी, कपाशी आणि एमआयडीसी. मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो कारण विचारणारं पोरगं खरंच अडलेलं असतं. रात्री दोनपर्यंत पिंटरेस्ट आणि इन्स्टा खाली खाली सरकवत बसलेलं असतं, ढीगभर फोटो सेव्ह केलेले असतात आणि सकाळी कागद कोराच. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याला एखादी गोष्ट आवडली की आपण तिचं दिसणं उचलतो आणि तिथंच गाडी अडते. कमळ छान दिसलं, कमळ उचललं, पाकिटावर चिकटवलं. वारली चित्रातली माणसं आवडली, उचलली, लग्नपत्रिकेवर नाचवली (वारली चित्रकला ठाणे-पालघरकडची, आपल्याकडच्या लग्नात ती कशी आली हे कोणी विचारत नाही). दिसणं उचललं की ते एकदाच वापरता येतं आणि तेही आधी हजार जणांनी वापरलेलं असतं. त्यापेक्षा ही वस्तू अशी का झाली, करणाऱ्याच्या हाताशी काय होतं आणि काय नव्हतं, तो कुठं अडला आणि कसा सुटला, हे शोधत बसावं. ते एकदा कळलं की तुमच्या वेगळ्याच कामात, वेगळ्याच साहित्यात ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं आणि कोणाची नक्कल केल्यासारखंही दिसत नाही. आणि हे शोधायला खान्देशासारखी जागा नाही, कारण इथं करणारी माणसं अजून समोर बसून काम करताना दिसतात, त्यांना विचारता येतं.

अमळनेरच्या बाजूला एक नाना आहेत, पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी त्या भागातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. आता काम कमी झालंय, तरी शटर, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मंदिरातल्या देणगीदारांच्या याद्या असलं काही ना काही चालूच असतं. मी अधूनमधून त्यांच्या कामाच्या जागी नुसती बसायला जाते. नाना शटर रंगवायला घेतात तेव्हा पहिले दुकानदाराला ते पूर्ण खाली ओढायला लावतात आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहतात, बराच वेळ. मला आधी वाटायचं अक्षरं मनात मांडत असतील. तर ते पट्ट्या बघत असतात. रोलिंग शटरला आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांच्या मधे खाच असते, आणि देवनागरीची शिरोरेषा जर त्या खाचेत गेली तर लांबून सगळं नाव तुटल्यासारखं दिसतं, वाचताच येत नाही. म्हणून शिरोरेषा नेहमी पट्टीच्या फुगीर भागावर यायला हवी, आणि मग त्या हिशोबात अक्षराची उंची ठरते, किती पट्ट्या अक्षराला, किती वर वेलांटी-मात्रेला, किती खाली उकाराला. गिऱ्हाईक म्हणतं अजून थोडं मोठं काढा, नाना म्हणतात एक पट्टी वाढवतो, अर्धी वाढणार नाही.

मग सूत मारायचं. दोऱ्याला नीळ चोळायची, दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायचं, फट्, सरळ रेघ. खडूने अक्षरं हलकी मांडून घ्यायची. ती मांडताना सगळ्यांना सारखी जागा देत नाहीत, 'र' ला थोडकी पुरते, 'क्ष' आणि 'झ' ला ऐसपैस लागते, आणि 'ठ', 'छ' सारखी गोल पोटाची अक्षरं खालच्या रेघेच्या किंचित बाहेर काढतात कारण रेघेला बरोबर टेकवली तर ती डोळ्याला लहान वाटतात. ही गोष्ट आम्हाला कॉलेजात टायपोग्राफीच्या तासाला प्रोजेक्टरवर शिकवली होती. नानांना ती रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कळलेली. मी एकदा विचारलं, नाना, अक्षराला थोडी नक्षी का नाही करत, वेलबुट्टी वगैरे, तर ब्रश न थांबवता म्हणाले, "अक्षर वाचाले शे बेटा, दखाडाले नही." (अहिराणीत, म्हणजे अक्षर वाचायला असतं, दाखवायला नाही.)

यातून मी काय घेतलं? नानांची अक्षरं नाही घेतली. तसा फॉन्ट करून केळीच्या वेफर्सच्या पाकिटावर टाकता आला असता, दिसलाही छान असता. मी घेतली ती पट्टी आणि खाच. वेफर्सचं पाऊच कॉम्प्युटरवर सपाट चौकोन असतं, पण भरलं की फुगतं, कडेला सुरकुत्या पडतात, वरची पट्टी दाबलेली असते आणि दुकानात ते दोरीला लटकतं. म्हणजे नाव कुठं बसेल हे फुगवट्याने ठरायला हवं. तेव्हापासून मी आधी रिकामं पाऊच आणून त्यात खरे वेफर्स भरते, सील करते, टांगते, लांबून बघते, आणि मार्करने त्याच्यावरच खुणा करते की सपाट जागा नेमकी कुठं राहिली. डिझाइन त्याच्यानंतर.

आता अजिंठा. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा, पण आम्हा जळगावकरांना तो आपलाच वाटतो, साठेक किलोमीटर, सकाळी निघालं तर दुपारी जेवायला घरी. इतकं जवळ असल्यामुळे आपण तिथं पाहुणे आले की जातो, पाहुण्यांसोबत पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे दोन मिनिटं उभं राहतो आणि परत. मला वाटतं अजिंठ्याला एकट्याने जावं आणि एकच लेणं बघावं. एकच. माझं ठरलेलं म्हणजे 1 नंबर, आणि त्यातही पद्मपाणीच्या आधी मी एका खांबाकडे जाते.

त्या खांबाच्या शीर्षावर चार हरणं कोरलीत आणि चौघांत मिळून मुंडकं एकच आहे. गाइड लोक ते गंमत म्हणून दाखवतात, लोक हसतात, मोबाइल काढतात, पुढे जातात. पण जरा थांबून बघा. कुठलंही एक धड नजरेत धरा, ते मुंडकं त्याचंच वाटतं, मान तिथूनच वळलेली वाटते. मग दुसरं धड धरा, आता ते याचं झालं. कोरणाऱ्याने चार वेगवेगळ्या अंगांना चालेल असा मानेचा एकच वळसा शोधून काढलाय, आणि तोही बेसॉल्टमधे, जिथं छिन्नी एकदा जास्त लागली की परत भरून निघत नाही. जागा थोडी, दगड कठीण, आणि चार हरणं तर पाहिजेत. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणीतरी या अडचणीपुढे बसलं होतं आणि त्याने हे उत्तर काढलं. मी लोगो करताना, जिथं दोन-तीन गोष्टी एका छोट्या खुणेत बसवायच्या असतात, तिथं अजून त्या मानेच्या वळशाचा विचार करते. कुठला भाग सगळ्यांचा म्हणून चालेल? तो सापडला की बाकीचं आपोआप हलकं होतं.

आणि भिंती. अजिंठ्याच्या चित्रांविषयी बोलताना सगळे रंगांवर बोलतात, मी म्हणते रंगाच्या खाली बघा. दगडावर थेट रंगवलेलं नाहीये ते. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात भुसा, गवताचे-वनस्पतींचे तंतू, शेण, मग अजून बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र. आता हे वाचून ज्याचं बालपण खेड्यात धाब्याच्या घरात गेलंय त्याला काय आठवेल? गारा. माती, भुसा, पाणी, पायाने तुडवायची, दोन-तीन दिवस मुरू द्यायची, मग भिंतीला लिंपायची. माझ्या आजोळी दरवर्षी पावसाळ्याआधी हे व्हायचं आणि भिंतीला हात फिरवला तर भुशाच्या काड्या बोटाला लागायच्या. जगभरातून लोक जी चित्रं बघायला येतात ती या असल्या भिंतीवर टिकलीत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लेण्याबाहेर येऊन पायरीवर बसले होते, खरंच पुढे जावंसं वाटेना. भुसा का घालतात? माती वाळताना आकसते, तडकते, तंतू तिला धरून ठेवतात. शेताच्या कडेचं शहाणपण उचलून त्यांनी थेट बोधिसत्त्वाच्या मागे लावलं.

रंगांचंही तसंच. पिवळा आणि तांबडा गेरूच्या जातीच्या मातीतून, हिरवा इथल्याच हिरवट खनिजातून, काळा काजळीचा, पांढरा चुन्यासारख्या पदार्थांचा. सगळं हाताच्या अंतरावरचं. लांबून आणलेला रंग एकच, निळा, लाजवर्दी दगडाचा, तो अफगाणिस्तानकडून यायचा. म्हणून बघा तो कसा वापरलाय, जिथं हवा तिथंच, मोजून. महाग गोष्ट थोडी वापरायची हे बजेटने शिकवलेलं कुठल्याही डिझाइनरला कळेल. एखाद्या गिऱ्हाइकाला चार रंगांची छपाई परवडत नाही तेव्हा मी त्याला हा निळा सांगते, एक रंग कागदाचा, एक काळा, आणि तिसरा फक्त एका जागी.

अजिंठ्यावरून एक माणूस आठवतो ज्याच्याबद्दल इकडे प्रेमकथा फार सांगतात आणि कामाबद्दल कमी. मेजर रॉबर्ट गिल. 1819 मधे जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि ती बाहेरच्या जगाला कळली, त्यानंतर 1844 मधे या चित्रांच्या प्रतिकृती करायला गिलला नेमलं. हा माणूस वर्षानुवर्षं इथं राहिला, त्या अंधारात, वटवाघळांच्या वासात, आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर एकेक भिंत उतरवत गेला. ती चित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमधे लावली होती, 1866 च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. त्याने पुढे परत काम सुरू केलं. 1879 मधे तो वारला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. मी त्या कबरीपाशी गेलेय. प्रतिकृती करणं म्हणजे कमअस्सल काम असं आपल्याला वाटतं, पण एखादं बोट कसं वळलंय हे कळायला ते आपल्या हाताने काढून बघण्यासारखा दुसरा उपाय नाही. आत जाऊन बघायचं, बाहेर येऊन आठवणीतून वहीत काढायचं, अडलं की परत आत. फोटो काढला की डोळा सुटतो, काम मोबाइलवर ढकललं जातं. वहीत काढताना कळतं की आपण बघितलंच नव्हतं, करंगळी आत होती की बाहेर? जा परत. सोमवारी लेणी बंद असतात तेवढं लक्षात ठेवा.

आता चाळीसगाव. कोणी मला विचारलं की जागेचा आणि सुचण्याचा काय संबंध, तर मी त्याला चाळीसगावचं तिकीट काढायला सांगते. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. 1912 मधे मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस, आईवडील चाळीसगावात व्यवसायाला आलेले, विलायतेला जाऊन फोटोग्राफी शिकून आला आणि मग पुढची पन्नासेक वर्षं, 1989 मधे जाईपर्यंत, त्या घराच्या बाहेर जवळपास पडलाच नाही. का, याच्या कहाण्या खूप आहेत, प्रेयसी रेल्वेने येणार होती म्हणून तो रोज गाडीची वाट बघायचा वगैरे. खरंखोटं त्यांनाच माहीत. मला त्या कहाणीपेक्षा त्या घरातलं टेबल जास्त ओढून घेतं.

कारण मूस यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीत. म्हणजे टेबलावर वाळू, दगडगोटे, काटक्या असलं साधं सामान मांडायचं, उजेड हवा तसा पाडायचा, कॅमेरा हव्या त्या उंचीवर आणायचा आणि फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला खराखुरा निसर्ग वाटावा, मोठा, खोल, लांबवर पसरलेला. जो माणूस बाहेर जात नाही त्याने डोंगर टेबलावर आणले. बाकी त्यांनी चित्रं काढली, शिल्पं केली, कागदाच्या घड्या घालून वस्तू केल्या, सगळं चार भिंतींच्या आत. देश-विदेशातली बक्षिसं त्या घराच्या पत्त्यावर आली. चाळीसगावात! ज्या गावाच्या स्टेशनवर आपण गाडी बदलतो आणि चहा पितो.

मी पहिल्यांदा तिथून बाहेर पडले तेव्हा डोक्यात एकच होतं, उजेड. सामान तर सगळ्यांकडे असतं. वाळूचा ढिगारा दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात नुसता ढिगारा दिसतो, पण उजेड बाजूने, अगदी खालून, आडवा आला की त्याच ढिगाऱ्याला कडे येतात, दऱ्या येतात, एकेक खडा सावली टाकायला लागतो. घरी आल्यावर रात्री खोलीतले दिवे घालवले आणि मोबाइलची टॉर्च टेबलावर आडवी ठेवून हाताला येईल ते तिच्यासमोर धरत गेले. तुरीची डाळ, चुरगळलेला कागद, आगपेटीची कडा, दादर ज्वारीची भाकरी. आणि मग डब्यातून एक बिबडा काढला.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पण लाटलेले नाहीत, थापलेले. ज्वारी काही दिवस भिजवायची, मग दळून तिचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून, आणि गरम गरम असतानाच ओल्या कापडावर हात पाण्यात बुडवत पातळ थापायचं. कापड म्हणजे जुनं लुगडं नाहीतर धोतर, खाटेवर किंवा गच्चीवर पसरलेलं. हे सगळं पहाटे, कारण एप्रिल-मेत आमच्याकडे नऊनंतर गच्चीवर पाय ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत कडकडीत. मग कापड उलटं करायचं, मागून पाणी शिंपडायचं आणि बिबडा अलगद सोडवायचा. आणि मधेच अर्धवट वाळलेले ओले बिबडे पळवायचे, हा लहान मुलांचा हक्क, त्यावर कोणी ओरडत नाही.

तर तो बिबडा मी टॉर्चसमोर आडवा धरला. पुढची बाजू बोटांची. चार बोटांचे दाब, थापताना हात फिरला तशा लाटा, सगळं दिसत होतं, कोणती मावशी उजव्या हाताने थापते तेही कळावं इतकं. मग उलटा केला. मागच्या बाजूला सगळीकडे कापडाचं विणकाम उमटलेलं होतं. उभा धागा, आडवा धागा, एके ठिकाणी काठाच्या जवळची दाट वीण, एके ठिकाणी रफू केल्याची गाठ. लहानपणापासून बिबडे खातेय, भाजलेले, तळलेले, वरून कच्चं तेल आणि कांदा घालून, आणि त्यांना मागची बाजू आहे हे त्या रात्री पाहिलं. रात्रभर घरातले सगळे बिबडे बघितले. प्रत्येकाची मागची बाजू वेगळी, कारण प्रत्येक घरातलं लुगडं वेगळं.

त्याच सुमारास पारोळ्याकडच्या एका बचत गटाचं बिबड्यांच्या पाकिटाचं काम माझ्याकडे होतं. बायकांनी नमुना म्हणून बाजारातली पाकिटं आणलेली, त्यावर डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई, मागे शेत, सूर्य. अशा बाईचं चित्र मी काढलंही असतं, पण मला ती बाई कोणाच्याच ओळखीची वाटत नाही. मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी थापताना मला बोलवा. गेले, पहाटे, गच्चीवर बसले, थोडं थापूनही बघितलं. वाळल्यावर बिबडे पालथे करून वर पातळ कागद ठेवला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासली, लहानपणी नाण्याचा ठसा घ्यायचो तसं. विणकाम कागदावर आलं, रफूसकट. तो ठसा स्कॅन केला, एका रंगात, तपकिरी कागदाच्या पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग, मधे नाव, बस्स. छपाईचा खर्च गटाला परवडला. नमुन्याची पिशवी घेऊन गेले तर गटातल्या एक मावशी ती हातात घेऊन उजेडाकडे गेल्या, जवळ धरली, लांब धरली, आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "हाई त मन्हं लुगडं शे!" मग सगळ्या जणी पिशवीवर वाकल्या, तो काठ कुठला, ती गाठ कोणी मारली, यावरून अर्धा तास नुसता कल्ला. सासूबाईंचं लुगडं होतं ते, नेसायचं बंद केल्यावर बिबड्यांना काढलेलं. मला माझ्या कामाबद्दल आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद आहे, आणि ती मिळाली कारण पिशवीवर जे आहे ते त्यांच्याच हाताखालून आलेलं होतं.

असं शोधायची सवय लागली की मग ते चित्र-शिल्पापुरतं राहत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने गेलं तर जुनी फड पद्धत बघायला मिळते, तीनएकशे वर्षांपासूनची तरी. नदीवर बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पिकं फिरवायची, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला तर तोटा सगळ्यांचा मिळून होतो, एकट्याच्या बोकांडी बसत नाही. विश्वेश्वरय्या तरुणपणी इंजिनिअर म्हणून याच भागात होते, त्यांनीही या व्यवस्थेचं कौतुक केलं होतं. मला हे ऐकताना पानाची मांडणी दिसत होती. वर्तमानपत्राच्या पुरवणीचं पान लावताना जागा कमी पडली की आपण सगळी कात्री एकाच लेखावर चालवतो, नाहीतर चित्राचा बळी देतो. मी आता टंचाई वाटते, प्रत्येक रकान्यातून दोन ओळी, प्रत्येक चित्रातून थोडी कड, आणि पान अंग चोरल्यासारखं दिसत नाही. पाटकऱ्याने पाणी फिरवताना जो हिशोब केला तोच.

पोरं म्हणतात ताई हे सगळं वेळखाऊ आहे, क्लायंटला उद्या पाहिजे. खरं आहे. क्लायंटला उद्याच पाहिजे असतं. म्हणून काम आलं की शोधायला निघायचं नाही, शोधणं रोजचंच पाहिजे, काम नसतानाच. माझ्या वहीत अशा कितीतरी गोष्टी नुसत्या पडून आहेत ज्यांचं अजून काहीच झालेलं नाही, पोळ्याच्या झुलीवरचे आरसे कशाच्या आधाराने बसतात, केळीच्या घडातल्या फण्या दांड्याभोवती कशा फिरत जातात, ट्रकमधे घड लावताना मधे पानं कुठं घालतात. त्यातलं कशाचं काय होईल ते मला माहीत नाही आणि घाईही नाही.

सध्या डोक्यात बसलंय ते होळीचं. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या पुढे, मोलगीजवळ, सातपुड्यात काठी गाव आहे, तिथली राजवाडी होळी. उंचच उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल, नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. नाचणाऱ्यांत बुध्या असतात, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, आणि अंगभर पांढरे ठिपके, पाठीवर, पोटावर, दंडावर, पायावर. फोटो खूप पाहिलेत, पण फोटोत मला जे हवंय ते दिसत नाही. अंग काही सपाट नसतं, श्वास घेतला की हलतं, घाम येतो, स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, मग ठिपक्यांमधलं अंतर एवढं नेमकं राहतं कसं? सुरुवात कुठून करतात, मणक्यापासून की खांद्यापासून? ठिपका बोटाने लावतात की काडीने की कशाच्या तोंडाने? रंगवणारा आणि रंगवून घेणारा एकमेकांशी काय बोलतात? या वर्षी आदल्या दिवशी दुपारीच पोचायचं आणि रंगवणाऱ्यांच्या शेजारी, त्यांची परवानगी घेऊन, बसायचं असं ठरवलंय. होळीच्या आधी ही मंडळी कडक नेम पाळतात, त्यामुळे आपण कुठं बसायचं, कशाला हात लावायचा नाही, हे आधी कोणाकडून तरी नीट समजून घ्यायला हवं. तिकडचं कोणी हे वाचत असेल तर सांगा, मोलगीहून पुढे जीप कितीपर्यंत मिळते आणि मुक्कामाचं कोणाला विचारायचं.